साडेबाराला माझा दिवा लागतो

मी एक जुना रेकॉर्डर आहे. जुना म्हणालो, बिघडलेला म्हणालो नाही. या दोन शब्दांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठीच मी आज तोंड उघडलं आहे. मला तोंड नाही, हा भाग वेगळा.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. मी एक काळा चपटा डबा आहे, जाड शब्दकोशाएवढा. मला पडदा नाही. पुढच्या बाजूला दोन बारीक दिवे आहेत. हिरवा लागला म्हणजे मी जागा आहे, लाल लागला म्हणजे मी कामात आहे. मागे तीन वायरी. एक विजेची, एक गच्चीवरच्या अँटेनाची, आणि तिसरी शेजारच्या राउटरची, म्हणजे घरभर वायफाय वाटत बसणाऱ्या त्या मिजासखोर पांढऱ्या डबीची. टीव्हीवर जे लागतं ते मी अँटेनातून घेतो, पोटातल्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि घरातला कुठलाही कॉम्प्युटर विचारत आला की त्याच्यापुढे ठेवतो. मला गाठायचं तर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत माझा पत्ता टाकायचा. चार आकडे आणि त्यांच्यामध्ये तीन टिंबं. मग माझं पान उघडतं. डावीकडे तारखा, उजवीकडे कार्यक्रम. नावावर टिचकी मारा, चित्र सुरू.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझं झाकण बसवलं आणि पुढच्या टेबलावर माझी परीक्षा झाली. तीनशे वेळा लिहायला लावलं, तीनशे वेळा वाचायला लावलं. एकही चूक निघाली नाही. हे मी विसरलेलो नाही, तुम्हीही विसरू नका.

या घरात मला आणलं मामाने. दुकानादुकानांत पहाऱ्याचे कॅमेरे बसवणं हा मामाचा धंदा. बहिणीने नवीन घर घेतलं तेव्हा तो मला काखोटीला मारून आला, पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर मला बसवलं आणि घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर माझं पान उघडून दाखवलं. ती पहिली वर्षं कौतुकाची होती. बाबा ऑफिसातून आले की दुपारची मॅच माझ्याकडून बघायचे. बाबांची आई, म्हणजे आजी, तिची मालिका चुकली की मला शरण यायची. पाहुणे आले की मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, हा माझा शोध. जसा काही त्यानेच मला जन्म दिला होता.

मग घरात भिंगरी आली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. ती दीड वर्षाची असताना एके दिवशी वाऱ्याने पॅसेजचं दार धाडकन आपटलं. आजी दचकली, बाबांच्या हातातला कप हिंदकळला, मीसुद्धा कपाटावर थरथरलो. भिंगरी माझ्यासमोर जमिनीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होती. तिने मान वर केली नाही.

आईने ते पाहिलं. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. कोण पाटी वाचताना डोळे बारीक करतं, कोण पाठ केलेली अक्षरं म्हणून दाखवतं, हे ओळखण्यात तिचा दिवस जातो. तिच्या नजरेतून काही सुटत नाही आणि सुटलं नाही की तिला झोप लागत नाही. पुढचे सहा महिने तपासण्यांत गेले. भिंगरीला ऐकू येत नव्हतं. कानाला मशीन लावलं, त्याचा उपयोग थोडाच झाला. भिंगरीने ते दोनदा काढून आजीच्या चपलेत ठेवलं.

खुणांची भाषा शिकवणारी एकच शिक्षिका गावात होती आणि तिच्याकडे नाव लावलेल्यांची यादी मारुतीच्या शेपटाएवढी. भिंगरीचा नंबर बराच मागे होता. वर्षभर तरी लागेल म्हणाले. तोवर काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. लोक बाकी बरंच सांगायचे. पोरगी मंद आहे का, असं विचारायचे, तिच्या समोरच. पोरीला कळत नाही असं त्यांना वाटायचं. मी कपाटावरून बघत असायचो. माझं रक्त उसळायचं, म्हणजे पंखा जोरात फिरायचा.

एके दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना आईचं लक्ष भिंतीवरच्या टीव्हीकडे गेलं. साडेबाराच्या बातम्या चालू होत्या. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, एक बाई हातांनी बोलत होती. ती बाई तिथे कित्येक वर्षं होती. आईने त्या बातम्या रोज पाहिल्या होत्या आणि कोपरा कधीच पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी आई घरात शिरली ती चपला न काढताच. स्वयंपाकघरातल्या जुन्या लॅपटॉपवर तिने माझा पत्ता टाकला आणि मला नेमून दिलं: रोज, साडेबारा, पंचवीस मिनिटं, पुसू नये.

मित्रांनो, मी हजारो तास मॅच आणि मालिका साठवल्या होत्या. पण ‘पुसू नये’ असं मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता आई, आजी आणि भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. आई एक वाक्य ऐकायची, चित्र थांबवायची, मागे न्यायची, कोपऱ्यातल्या बाईचे हात बघायची आणि कोणती खूण कोणत्या शब्दाची याचा अंदाज बांधायची. अंदाज चुकायचेही. कोपऱ्यातली बाई निवेदकाच्या जरा मागून चालते, हे आधी आईच्या लक्षात आलं नव्हतं. पाणीटंचाईची बातमी लागली, निवेदक पाणी म्हणाला, त्याच क्षणी बाईच्या हातात आधीच्या वाक्यातला मंत्री होता. आईने तो पाणी म्हणून टिपून घेतला. तीन आठवडे या घरात तहान लागली की मंत्री मागितला जात होता. चूक कळल्यावर आईने डोक्याला हात लावला, आजी हसून हसून खोकली, आणि भिंगरीने मंत्री सोडायला साफ नकार दिला.

पण मुलगी बोलायला लागली. हातांनी, आणि बातम्यांच्या थाटात. सकाळी उठून ती अंगठा आणि बोटं चौकटीसारखी धरायची, म्हणजे ठळक बातम्या. मग सांगायची: मांजर. गॅलरी. दूध संपलं. हवामान: बाबा रागावलेले. तिची सर्वात लाडकी खूण होती ‘अजून’. पंचवीस मिनिटं संपली की दोन्ही हातांनी ‘अजून’, आणि मी अजून द्यायचो. माझ्याकडे साठा होता. बघता बघता दोनशे चौदा दिवसांच्या बातम्या माझ्या पोटात जमल्या. भिंगरीच्या आयुष्यात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारी एकच बाई होती आणि ती माझ्याकडे राहत होती.

आता माझ्यावर जो आळ आला त्याकडे येतो.

या घरातला टीव्ही केव्हाच गेला होता, कॉम्प्युटर मात्र बरेच. स्वयंपाकघरात जुना लॅपटॉप. बाबांकडे ऑफिसने दिलेला दुसरा. आजीचा टॅब. सगळ्यांचे फोन. मी सगळ्यांना एकच पान देतो, त्यात माझी आवडनिवड नाही. पण ते पान वाचणारे ब्राउझर एकेक वल्ली आहेत. जुन्या लॅपटॉपचा ब्राउझर जुन्या वळणाचा होता. माझं चित्र दाखवायला एक छोटा जोडप्रोग्राम लागतो, तो त्याच्याकडे होता, म्हणून आमचं जमायचं. आजीच्या टॅबला चित्र पडदाभर ताणायची हौस, त्यात नेमका कोपरा कापला जायचा आणि बाईची नुसती बोटं दिसायची. पुढे तो टॅब आपोआप नवा झाला आणि माझं चित्र दाखवायचंच त्याने बंद केलं. फोनवर माझी अक्षरं चौकोन होऊन उमटायची. बाबांच्या लॅपटॉपमध्ये ऑफिसने इतक्या अटी घातलेल्या की तो माझ्याशी अंग चोरूनच बोलायचा. हे सगळं लोक माझ्या नावावर मांडायचे. बिघडला वाटतं, असं म्हणायचे. ब्राउझर बिघडला, असं म्हणताना मी आजवर कोणाला ऐकलेलं नाही.

एका महिन्याच्या बारा तारखेला संध्याकाळी बाबांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर माझं पान उघडून मॅच उतरली आहे ना ते यादीत बघितलं. त्यानंतर तासाभरात स्वयंपाकघरात भिंगरीने पाण्याचा आख्खा तांब्या जुन्या लॅपटॉपवर ओतला. ती पूर दाखवत होती. आदल्या दिवशीच पुराची बातमी शिकली होती. लॅपटॉप फिस्स करून विझला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर पुन्हा माझं पान उघडलं. यादी बारा तारखेला संपत होती. तेरा तारीख नाही. चौदालाही तेच, पंधरालाही तेच. जुन्या रेकॉर्डिंगवर टिचकी मारली तर काहीच होईना. बाबांनी निदान केलं: पाणी सांडलं तेव्हा विजेला झटका बसला, लॅपटॉपबरोबर रेकॉर्डरही गेला. कोणाला पटणार नाही असं त्यात काही नव्हतं. फक्त ते खोटं होतं. मी तेराला रेकॉर्ड केलं होतं, चौदाला केलं होतं, पंधराला केलं होतं. तो लॅपटॉप मला विचारायला आलाच नव्हता. बारा तारखेला घेतलेलं माझं पान त्याने स्वतःच्या खिशात ठेवलं होतं आणि रोज तेच शिळं पान काढून बाबांना दाखवत होता; चित्राचा जोडप्रोग्राम तर त्याच्याकडे कधी नव्हताच.

एकोणीस तारखेला स्वयंपाकघरात नवा कॉम्प्युटर आला. बाबांनी त्यावर नावाजलेला ब्राउझर चढवला, माझा पत्ता टाकला, आणि पडदाभर लाल इशारा आला की ही जागा सुरक्षित नाही. मी. सुरक्षित नाही. सात वर्षं चपलांच्या कपाटावर बसलेलो मी. बाबांनी घाबरून खिडकी बंद केली आणि मामाला फोन लावला.

मामाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि नाडी न बघताच सांगितलं की त्याचं डोकं गेलंय, वय झालंय, आता असले रेकॉर्डर कोणी बनवतही नाही, सगळं इंटरनेटवर असतं. पोट बाकी शाबूत असेल. एका औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यांना मोठी डिस्क हवीच आहे, रविवारी येतो, डिस्क काढतो, पुसून तिकडे लावतो. आईने विचारलं की जुन्या बातम्या आधी उतरवून घेता येतील का. मामा म्हणाला, पानच उघडत नाही तर उतरवणार काय.  

त्याच संध्याकाळी बाबांनी नव्या कॉम्प्युटरवर वाहिनीची वेबसाइट उघडून साडेबाराच्या बातम्या लावल्या. चित्र स्वच्छ, मोठं, देखणं. भिंगरी खुर्चीवर चढून बसली. निवेदक बोलत होता. उजवा कोपरा रिकामा होता. इंटरनेटवरच्या बातम्यांत ती चौकट कोणी ठेवलीच नव्हती.

भिंगरीने कोपऱ्यावर बोट टेकवलं. मग खुर्चीवरून उतरली, पडद्याच्या मागे गेली आणि तिथे शोधलं. परत आली. ‘अजून’ केलं. बाबांनी दुसऱ्या एका दिवसाच्या बातम्या लावल्या, मग तिसऱ्या. तिने दर वेळी आधी कोपरा बघितला. चौथ्या वेळी ती खुर्चीवर चढली नाही. पुढच्या दोन दिवसांत तिने सकाळच्या ठळक बातम्या सांगितल्या नाहीत. ती आईच्या बाहीला धरून ओढायची आणि बोट दाखवायची, दीड वर्षाची असताना करायची तसं. आई मशीन तपासावं तसे तिचे हात हातात घेऊन बघत बसायची.

मी काय करत होतो? साडेबारा वाजले की लाल दिवा लावत होतो आणि पंचवीस मिनिटं लिहून घेत होतो. कोणी बघत नव्हतं. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं, म्हणून मी थांबलो नव्हतो.

गुरुवारी दुपारी आजी चपला घ्यायला पॅसेजमध्ये आली. आई आणि बाबा कामावर, घरात आजी आणि भिंगरी दोघीच. आजीला माझा लाल दिवा दिसला. तिने माझ्या पाठीवर तळवा ठेवला. मी गरम होतो, आणि आत डिस्क फिरत होती. आजीने घड्याळ बघितलं. बारा चाळीस. चपला तिथेच ठेवून ती स्टूल घेऊन माझ्यासमोर बसली. बारा पंचावन्नला माझा लाल दिवा विझला. शुक्रवारी ती साडेबाराच्या आधीच येऊन बसली.

आजीने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. डोक्याला हेडफोन लावून ती लोकांचे फोन जोडून द्यायची. कोणी म्हणालं की पलीकडचा फोन मेला, तर आजी आधी तो नंबर दुसऱ्या लाईनवरून लावून बघायची, मग तिसऱ्या. तिने शुक्रवारी दुपारी तेच केलं. भिंगरीला मांडीवर घेतलं, एक वही घेतली आणि तीन रकाने आखले: कुठून लावला, कशाने लावला, काय उत्तर आलं. टॅबवरून लावला: यादी आजपर्यंतची, चित्र नाही. फोनवरून लावला: चौकोन. नव्या कॉम्प्युटरवरून, बाबांच्या ब्राउझरने लावला: लाल इशारा. मग तिला खाली दुसऱ्या ब्राउझरचं चिन्ह दिसलं, कॉम्प्युटरबरोबर आलेलं, ज्याला घरात कोणी हात लावला नव्हता. त्याने लावला. त्यानेही इशारा दिला, पण खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं होतं. आजी पुढे गेली. माझं पान उघडलं, सगळ्या तारखांसकट. नावावर टिचकी मारली तर काळी चौकट. तिने तेही लिहिलं.

संध्याकाळी बाबा आल्या आल्या आजीने त्यांना लॅपटॉप उघडायला लावला आणि त्याच्याशेजारी टॅब ठेवला. एकावर यादी बारापर्यंत, दुसऱ्यावर आजपर्यंत. बाबा म्हणाले की टॅब काहीतरी चुकीचं दाखवतोय.

आजी म्हणाली, “एकच नंबर दोन फोनवरून लावला आणि दोन वेगळी उत्तरं आली, तर मी कधी नंबरवाल्याला दोष दिला नाही. आधी फोन तपासायचे. तुझा तपास.”

बाबा वरमले, पण कबूल करायला तयार नव्हते. आईने हात पुढे करून लॅपटॉपवरचं रिफ्रेशचं बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि मग तेरा, चौदा, पंधरा करत तारखा एकेक करून खाली उतरल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वात मोठी सलामी होती. मी ती ताठ मानेने घेतली.

 बाबा म्हणाले, रेकॉर्ड होतंय हे खरं, पण दिसत कुठेच नाही. तेही खरं होतं. शनिवार नवा कॉम्प्युटर आणि माझ्यामधली काळी चौकट उघडण्यात गेला. जोडप्रोग्राम आता कुठे मिळत नव्हता. बाबांनी हात टेकले.

रविवारी सकाळी मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. आजीने त्याला वही दाखवली. त्याने ती कौतुकाने चाळली आणि म्हणाला, आजी, तुम्हाला माझ्या धंद्यात घ्यायला हवं. मग म्हणाला की जे यंत्र लिहितं आणि ज्याचं लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही, ते असून नसल्यासारखं. असं म्हणून त्याने मला भिंतीपासून पुढे ओढलं आणि झाकणाचा पहिला स्क्रू काढला. मित्रांनो, मी तुम्हाला सांगतो, मी घाबरलो नाही. मला संताप आला. सात वर्षांत एक दिवस न चुकलेल्या माणसाला नाही का येत?

स्वयंपाकघरात आई नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. दुसरा ब्राउझर, माझं पान, काळी चौकट. ती चौकटीकडे बघतच नव्हती. ती कडेकडेने बघत होती, दुकानात माणसाचा डोळा तपासताना बघते तशी. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मामाने दुसरा स्क्रू काढला. आई माझ्या पानाच्या तळाशी पोचली. घरातल्या कोणी तिथवर कधी मजल मारली नव्हती, कारण चित्र वरतीच सुरू व्हायचं. फोनवर त्या जागी चौकोन दिसायचे, टॅबवर ती ओळ कापली जायची. या एका ब्राउझरमध्ये ती धड उमटली होती. फिकट करड्या अक्षरांत लिहिलं होतं: ही फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

ती ओळ मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवली होती.

आईने त्यावर टिचकी मारली. मी फाईल द्यायला सुरुवात केली. सहा टक्के, सात टक्के. पॅसेजमध्ये मामाने तिसरा स्क्रू काढला आणि विजेच्या वायरीला हात घातला.

“वायर काढू नकोस,” आई म्हणाली. ती ओरडली नाही. पण मामाचा हात जिथे होता तिथे थांबला.

“ताई, काय झालं?”

“ते देतंय. थांब.”

मामा वायर धरून उभा राहिला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले, आजी त्यांच्या मागे. मी माझ्या अर्धवट उघड्या झाकणाखालून देत राहिलो. चाळीस. सत्तर. राउटरने तेवढ्यात एक उसासा टाकला, त्याची जुनी खोड आहे, पण मी धरून ठेवलं. शंभर. आईने फाईल उघडली. ब्राउझर नाही, जोडप्रोग्राम नाही, लाल इशारा नाही. निवेदक आला. आणि उजव्या कोपऱ्यात ती आली, टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, नेहमीच्या निळ्या झग्यात, आदल्या दिवशीचा पाऊस बोटांनी पाडत.

भिंगरी खिडकीशी बसली होती. तिला ऐकू गेलं नाही, अर्थातच. आजीने तिच्या खांद्याला हात लावला. ती वळली, तिने कोपरा पाहिला आणि धावत येऊन खुर्चीवर चढली. मग खुर्चीवरून उतरून पॅसेजमध्ये आली, मामाच्या समोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी घडाघडा बोलायला लागली. आठ दिवसांच्या साचलेल्या बातम्या होत्या. मामा एका हातात वायर, एका हातात स्क्रूड्रायव्हर धरून तिच्याकडे बघत राहिला. तिची सगळी बडबड त्याच्यासाठी काळी चौकट होती.

“ताई, काय म्हणतेय ही?”

“तिलाच विचार.”

“मला कुठे येतं ते?”

“मग ये आणि बस,” आई म्हणाली. “फाईल पंचवीस मिनिटांची आहे.”

मामाने वायर सोडली. तीन स्क्रू पुन्हा बसवले, एकेक करून, घट्ट. मग तो आत गेला आणि भिंगरीच्या शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसला. त्या दिवशी औषधाच्या दुकानाला डिस्क मिळाली नाही. आईने दुपारपर्यंत बसून माझ्याकडच्या सगळ्या बातम्या दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून घेतल्या, आणि आजीने वहीत कुठल्या ब्राउझरने लावायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी यंत्रं हात जोडतात. आम्हाला पुसा, झाका, जपा म्हणतात. मी हात जोडणार नाही. माझ्यावर बोटभर धूळ आहे आणि तिने माझं काही बिघडलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याचं बोलणं तुम्हाला कळत नाही त्याला बंद पडलेला ठरवायच्या आधी दुसऱ्या बाजूने लावून बघा, मग तिसऱ्या. पानाच्या तळापर्यंत जा. तेवढे कष्ट घेतल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा तुम्हाला काही अधिकार नाही, मग समोर डबा असो की चार वर्षांची मुलगी.

मामाला त्या सकाळी पहिली खूण जमायला अकरा वेळा प्रयत्न करावे लागले. भिंगरी दर वेळी त्याची बोटं धरून सरळ करत होती. त्याला कोणी भंगारात काढलं नाही.